आईच्या चिठ्ठीतला तोमा

९ सप्टेंबर २०१९
(आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे २७ ऑगस्ट)

चि. देसांका हिस,

आई मंगळवारी, ३ तारखेला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. शुक्रवारी सकाळी दहाला तिला बाबांशेजारी ठेवलं. हे तुला फादर किरिलनी फोनवर सांगितलं आहे, तरी मी लिहितो. फोनवर सांगितलेलं विसरता येतं, लिहिलेलं विसरता येत नाही.

तू आली नाहीस.

तुझ्या वूस्टरहून इथपर्यंत साडेपाचशे मैल आहेत. मंगळवारी दुपारी तुला कळलं. मंगळवार दुपार ते शुक्रवार सकाळ म्हणजे किती तास झाले, तूच मोज. लोकांनी विचारलं, मी "रस्त्यात आहे" म्हणालो. कबरीवर माती पडेपर्यंत म्हणत होतो. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बहिणीपायी दफनभूमीत उभं राहून खोटं बोलावं लागलं.

असो. बारा ऑक्टोबर, शनिवार, हा चाळिसावा दिवस. मृत्यूचा दिवस धरून मोजायचं. फादर किरिलनी तो न धरता मोजलं आणि रविवार काढला. मी दुरुस्त केलं. माणूस वाईट नाही, पण ओक्लाहोमाचा. जन्मनाव काइल, आठ वर्षांपूर्वीपर्यंत शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवत होता. सर्बियन देवळात ओक्लाहोमाचा पाद्री! बाबा असते तर त्यांनी दुसऱ्यांदा प्राण सोडला असता.

चाळिसाव्याला ये. उकडलेल्या गव्हात अक्रोड किती घालायचे हे आई तुलाच सांगून गेली, मला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला सांगितलं तर तू वजनकाट्यावर ठेवशील." मग काय ओंजळीने मोजू?

एकटी ये. कारण लिहायची गरज नाही. १९९९ च्या त्या वसंतात रोज रात्री बातम्यांत अल्बेनियनांच्या नावाने बेलग्रेडवर बॉम्ब पडत होते, आणि तू नेमकी त्याच महिन्यात अल्बेनियन माणूस घरी आणलास. बाबांनी दार उघडलं नाही यात त्यांचं काय चुकलं? तो हातात सारण भरलेल्या पेस्ट्रीचं तबक घेऊन पायरीवर बावीस मिनिटं उभा होता, टायला तीनदा हात लावला, मग तबक पायरीवर ठेवून गेला. मी तेव्हा कारखान्यात होतो, त्यामुळे माझ्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

आणखी एक. आईची चिठ्ठी आता मी चालवतो. तुला आठवत असेल: वर जिवंत, खाली मृत, फक्त बाप्तिस्म्याची नावं. फादर वेदीमागे नाव वाचतात आणि प्रत्येक नावाला पावाचा एक कण काढून ताटलीत ठेवतात. आईचं अक्षर वाचवत नसे, म्हणून सत्तावीस वर्षं ती सांगायची आणि मी सुवाच्य चर्च-स्लाव्होनिक लिपीत उतरवायचो. ही लिपी मी स्वतः शिकलो, गुरू नाही, शाळा नाही. ती गेल्यावर मी पहिल्याच रविवारी यादी साफ केली. सहा नावांची ओळख पटेना. आईला विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "आपल्यातलेच." असं मोघम देवासमोर चालत नाही. सहाही नावं काढली. आता यादीत ज्याचा पत्ता मी देऊ शकतो असाच माणूस आहे. तुझं नाव आहे. ते मी कधीच काढलं नव्हतं.

मिलुतिन


१८ सप्टेंबर २०१९
(५ सप्टेंबर)

देसा,

तुझं उत्तर काल आलं. चार ओळी! आई गेली आणि बहीण चार ओळी लिहिते. पण त्या चार ओळींनी माझी झोप उडवली आहे, म्हणून त्या जशाच्या तशा इथे उतरवतो. पुढे तू "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणायला नको.

"दादा, शुक्रवारी आईला ठेवत होतात तेव्हा तोमाचं हृदय उघडलेलं होतं. या शुक्रवारी पुन्हा उघडावं लागलं. तो अजून यंत्रावर आहे. आईची चिठ्ठी थांबवू नकोस, त्याचं नाव तूच तर लिहितोस."

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि गिरणीच्या जुन्या पुलापर्यंत चालत जाऊन परत आलो. मग वही काढली. चिठ्ठीत बदल झाला की मी त्यात तारीख घालून नोंदवतो. पान सापडलं: "३ ऑक्टोबर १९९९. आईच्या सांगण्यावरून जिवंतांत तोमा वाढवला." माझ्या हस्ताक्षरात, तेही चांगल्या काळ्या शाईने.

मला तेव्हा वाटलं हर्सेगोव्हिनातला मामा. आपल्या मामाचं नाव तोमा नव्हतं का? तो १९९९ मध्ये जिवंत नव्हता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, हे मान्य. पण आपलीच आई डोळ्यांत डोळे घालून फसवेल असं कुणाला वाटेल? मग लेफ्तेर. मी विचारलं, "हा लेफ्तेर कोण?" म्हणाली, "लिही रे, शाई वाळेल." तो तुझा मुलगा निघाला, हे तुझ्या वहिनीकडून कळलं! आणि मारिका तुझी मुलगी!

३ ऑक्टोबर १९९९ ते १ सप्टेंबर २०१९ हे एक हजार चाळीस रविवार होतात. त्यातले तीन माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे वजा. म्हणजे एक हजार सदतीस वेळा मी स्वतःच्या हाताने त्या माणसाचं नाव लिहिलं, स्वतः मळलेल्या, स्वतः कोरलेल्या ठशाच्या पावातून त्याचा कण निघाला, आणि मी शेजारी उभा राहून "प्रभू, दया कर" म्हणालो. ज्याचं नाव मी वीस वर्षं घरात घेऊ दिलं नाही, त्याचं!

तुझ्या वहिनीला, रादमिलाला, सांगितलं तर ती भांडी घासत होती, ती थांबलीसुद्धा नाही. "मला माहीत होतं," म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या देवळाला माहीत होतं. तू सोडून."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुझ्याशी बोलायला गेलं की तू आधी व्याकरण दुरुस्त करतोस."

तिथून तडक फादर किरिलकडे गेलो. ते पायरीवर बसून देवळाची पन्हळ दुरुस्त करत होते, म्हणजे बिघडवत होते. मी म्हणालो, "फादर, बहिणीचा नवरा इस्पितळात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, काका."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"दफनाच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, देसांकाचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. मी काढला नाही."

हा माणूस इतर वेळी माझं एक ऐकत नाही, नेमकं तेच ऐकलं!

मग मी चिठ्ठीचं सांगितलं. म्हणालो, आईने कपट केलं. तोमा म्हणजे कुठला तोमा हे लिहायला नको होतं? ते स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"काका, मी इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात माझ्या चिठ्ठीवर आजीचं आडनाव लिहिलं होतं. तुम्ही लोकांसमोर ती चिठ्ठी फाडलीत."

"फाडली नाही. परत दिली."

"दोन तुकड्यांत दिलीत. म्हणालात, फादर, आडनाव नगरपालिकेत लिहायचं, देवाला नाव पुरतं."

मी असं म्हणालो होतो. शब्दशः. नियम बरोबरच आहे, तो मी मागे घेणार नाही.

"तरी पण," मी म्हणालो, "अल्बेनियन तो अल्बेनियन."

तेव्हा तो ओक्लाहोमाचा माणूस हसला. "उपासनेच्या शेवटी मी ताटलीतले सगळे कण द्राक्षारसाच्या प्याल्यात ढकलतो. तुम्ही शेजारीच असता. या रविवारी चमचा देतो, त्यातले सर्बियन कण तेवढे वेगळे काढून दाखवा."

पन्हळीचा स्क्रू उलटा बसवत होते, तेवढा मी नीट बसवून दिला आणि घरी आलो.

आता मुख्य गोष्ट. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण लिहवत नव्हती. यादी मी ८ तारखेला साफ केली. ८ आणि १५, असे दोन रविवार तोमाचं नाव घेतलं गेलं नाही. वीस वर्षांत नेमके हे दोन. तू हिशेब लावशीलच, म्हणून मीच लावून ठेवतो: पहिलं ऑपरेशन ६ तारखेला, दुसरं १३ ला. माझ्या दोन्ही चुकीच्या याद्या बरोबर त्यांच्या मागोमाग आल्या.

ऑपरेशन बिघडण्याशी याचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. मी अडाणी नाही. पण संबंध नाही असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, आणि त्यामुळे माझा जीव नुसता वैतागून गेला आहे.

२२ तारखेला सहाही नावं परत जातील. तो कसा आहे ते कळव. सविस्तर कळव. चार ओळी नकोत.

दादा


२७ सप्टेंबर २०१९
(१४ सप्टेंबर. आज क्रूसाचा सण, उपवास. त्यामुळे डोकं आधीच दुखतं आहे.)

देसा,

यंत्र काढलं हे वाचून बरं वाटलं. स्वतः श्वास घेतो, सूप पितो आणि नर्सवर चिडतो, म्हणजे बरा होतो आहे. चिडणं हे चांगलं लक्षण आहे. तसं असेल तर माझी तब्येत उत्तम आहे.

पण तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट! तुम्ही बायकांनी मिळून मला काय काय ठरवलं होतं?

उपासना झाली की चिठ्ठीबरोबर दिलेला छोटा पाव, कण काढून उरलेला, ज्याचा त्याला परत मिळतो. आई तो रुमालात बांधून न्यायची. मला वाटायचं मधुमेह आहे, सकाळी गोळीबरोबर खात असेल. आणि दर सोमवारी टपाल कचेरीत जायची. मी विचारलं की "तिकिटं आणायला". वीस वर्षं तिकिटं! मी मनात म्हणायचो, म्हातारी एवढी पत्रं लिहिते तरी कुणाला? आता तू लिहितेस की तो पाव दर गुरुवारी वूस्टरला पोचायचा आणि तुम्ही चौघं शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी त्याचे तुकडे करून खायचात. म्हणजे माझा पाव त्याच्या पोटात. माझा!

आणि वर तू त्याचा निरोप लिहितेस: "तोमा म्हणतो, २०११ च्या शरदापासून पाव लवकर सुकतो आणि त्यात मीठ कमी आहे."

हे वाचून मी इतका भडकलो की रादमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली. कोण हा? माझ्या पावाला नावं ठेवणारा? मी पाव करायला लागलो तेव्हा हा कुठे होता? नाशपातीच्या लाकडाचा ठसा कोरताना मी सात ठोकळे वाया घालवले, कारण अक्षरं उलटी कोरावी लागतात आणि रेघ केसभर जाड झाली की फुगताना बुजते. इथल्या खोऱ्यात सहा घुमट आहेत, सर्बियन, रशियन, युक्रेनियन, ग्रीक, रोमानियन, आणि कोपऱ्यावरचे कार्पेथियन. एकमेकांच्या दफनाला जातात, पण एकमेकांची घंटा ऐकून नाक मुरडतात. त्यांतले तीन माझ्याकडून पाव नेतात. कुणीही, कधीही, एक शब्द बोललेलं नाही.

मग वही काढली.

२ ऑक्टोबर २०११. "जुनी पिठाची गिरणी बंद. नवं पीठ पाणी जास्त ओढतं. पाणी दीड वाटी वाढवलं, मीठ एक चिमूट कमी केलं."

देसा, आठ वर्षं झाली. रादमिलाला कळलं नाही. तिन्ही घुमटांना कळलं नाही. फादर किरिलना तर देवळातला पाव आणि दुकानातली पावरोटी यांतला फरक कळायला दोन वर्षं लागली. साडेपाचशे मैलांवर, टपालात चार दिवस वाळलेला तुकडा चावून ज्याला हे कळलं तो एकच माणूस निघाला, आणि तो हा!

त्याला सांग, चिमूटभर. जास्त नाही. आणि सुकतो तो पाणी वाढवल्यामुळे नाही, उलट पीठ तेवढं पाणी धरून ठेवत नाही म्हणून. गेल्या शनिवारी सकाळी मी जुनं मीठ घालून पाहिलं. फरक पडतो. त्याला हे सांगितलंच पाहिजे असं नाही.

आता एक अडचण आहे, आणि ती खरीच अडचण आहे. सहा नावांत एक वासिलिका आहे. ती तोमाची आई, हे तुझ्या पत्रावरून कळलं. वहीत ती जिवंतांत आहे. पण १ सप्टेंबरला, शेवटच्या रविवारी, आई अंथरुणावरून पुटपुटली, "वासिलिकाला आता खाली…" आणि डोळे मिटले. मला वाटलं भ्रमात आहे, मी वरच ठेवलं. खाली म्हणजे मृतांत का? जिवंत माणसाला मृतांत वाचणं किंवा मृताला जिवंतांत वाचणं, दोन्ही माझ्या हातून होऊ शकत नाही. २२ ला मी ते एक नाव दोन्ही भागांच्या मधल्या रेघेवर लिहिलं. फादरनी विचारलं, "काका, ही कुठे आहे?" मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

मला चाळिसाव्यासाठी पक्की यादी हवी. ताबडतोब कळव.

दादा


ता. क. पाच वाजता तुझा फोन आला तो रादमिलाने घेतला आणि वासिलिकाचं विचारलं. तिने मला तुझा निरोप दिला: "त्याच्या आईचं त्यालाच विचार. आई वीस वर्षं तुमच्यामधली टपालपेटी झाली, मी होणार नाही." हे तुझं शेवटचं असेल तर ठीक. तू बाबांवरच गेली आहेस.


४ ऑक्टोबर २०१९
(तुमच्याकडे जुनं पंचांग चालत नाही, म्हणून एकच तारीख लिहितो.)

श्री. तोमा यांस,

या पत्राचा हा पाचवा कागद. पहिल्या चारांवर मायना जमला नाही. मेहुणे लिहावं तर मी कधी तसं वागलो नाही, नुसतं श्रीयुत लिहावं तर ते वीज मंडळाच्या पत्रासारखं दिसतं. वर जे आहे ते गोड मानून घ्या.

मी देसांकाचा मोठा भाऊ, मिलुतिन. लेथवर काम करतो. देवळात वाचन करतो आणि पाव करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही आजारी आहात, म्हणून आडवळणं घेत नाही. तुमच्या मातोश्री वासिलिका हयात आहेत का? मला हे विचारायला लाज वाटते. इतक्या जवळच्या माणसाबद्दल हा प्रश्न मेहुण्याने मेहुण्याला पत्रात विचारावा लागतो. पण विचारला नाही तर त्या रेघेवरच राहतील, आणि ती जागा कुणाचीच नाही. सहा नावांतले स्पिरो आणि पांदेली मृतांत आहेत, ते बरोबर आहे ना? तुमच्याकडची आणखी कुणी राहिली असतील तर तीही लिहा. वडील, आजोबा, बूट कारखान्यात खपलेले काका, कुणीही. फक्त बाप्तिस्म्याची नावं. आडनाव नको. कुठल्या गावचे, कुठल्या देशाचे, तेही नको. मी विचारणार नाही. गेली वीस वर्षं विचारलं तेवढं पुरे झालं.

दोन रविवार तुमचं नाव घेतलं गेलं नाही. देसांकाने सांगितलं असेल. ते माझं काम. आईच्या यादीवर मी माझा शहाणपणा चालवला. माफी मागतो. एकदाच मागतो, पण पूर्ण मागतो.

दुसरं असं. मी देसांकाला लिहिलं होतं की १९९९ मध्ये तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा मी कारखान्यात होतो. तिने ते तुम्हाला वाचून दाखवलं असेल, आणि तुम्ही विचारलं असेल की कारखान्यातून याला बावीस मिनिटं कशी दिसली. मीही काल ते पत्र मनात पुन्हा वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घरी होतो. पुढच्या खोलीत, पडद्यामागे. बाबा मागच्या अंगणात होते, त्यांना घंटा ऐकूच गेली नव्हती. दार त्यांनी उघडलं नाही असं आम्ही सगळे वीस वर्षं म्हणतो. दार माझ्या हाताशी होतं. मी घड्याळ बघत होतो. तुम्ही गेल्यावर तबक मीच आत घेतलं. बाबांनी ते कचऱ्यात टाकायला सांगितलं. मी कोपऱ्यातला एक तुकडा खाल्ला आणि मग टाकलं. पालक आणि कांदा होता. पारीचे थर अकरा होते, मी मोजले. इतकी पातळ पारी मला आजपर्यंत जमलेली नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला माहीत असावं. पडदा त्या दिवशी तिने सरळ केला होता.

चाळिसावा बारा तारखेला, शनिवारी आहे. तुम्हाला प्रवास करता येणार नाही आणि देसांकाने तुम्हाला सोडून येऊ नये. गहू मी रादमिलाच्या ओंजळीने मोजून करीन. जेवणं आटोपली की दुपारी दोनला गाडी काढतो. वाटेत मुक्काम. रविवारी सकाळी वूस्टरला तुमच्या देवळात उपासनेला उभा राहीन. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे तीन सोडले तर एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या देवळातला रविवार चुकेल. फादर किरिल म्हणाले, "काका, तिथेही तोच प्याला आहे, फक्त तिथे कुणाला दुरुस्त करू नका." मी काही कबूल केलेलं नाही.

तुमचा पाव बरोबर आणतो. जुन्या मिठाचा. या वेळी तो टपालात वाळणार नाही, त्यामुळे नीट चव घेऊन मत द्या. स्पष्ट द्या, आजारी आहात म्हणून सवलत नको.

उपासनेनंतर साधारण बाराला तुमच्या दारात येईन. तुम्हाला दार उघडावंसं वाटलं नाही तर मी समजू शकतो. मी पायरीवर उभा राहीन. बावीस मिनिटं. त्यापुढे थांबता येणार नाही, सोमवारी सकाळी सातला मला लेथवर हजर व्हायचं आहे.

मिलुतिन